माहितीच्या साठ्याला दुसरी वाट

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेच्या पाण्याने ५५ फुटांची पातळी ओलांडली. या ठिकाणी इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने पुणे-बंगळूर वाहतूक अनेक दिवस बंद राहिली. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, नदीने ५६ फुटांचीही मर्यादा ओलांडली. दोन्ही वेळी शहराला आणखी एक विचित्र संकट सोसावे लागले. भोवती पाणीच पाणी असताना घरातले नळ मात्र कोरडे होते. शहराला पाणी पुरवणारी बालिंगा, नागदेववाडी आणि शिंगणापूर ही उपसा केंद्रे पुराच्या पाण्यात गेली होती.

उपसा केंद्रे एक नव्हे, तीन होती. कागदावर पाहिले तर एक बंद पडले तरी दुसरे चालू राहावे, अशीच रचना दिसते. पण तिन्ही केंद्रे नदीकाठची असल्याने एकच महापूर तिन्हींना पुरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी शहरात आले, तेव्हा कोल्हापूरला पहिल्यांदा वेगळ्या ठिकाणाहून येणारा मोठा स्रोत मिळाला.

पाणीपुरवठ्यातील हा अनुभव माहितीच्या साठवणुकीला तंतोतंत लागू पडतो. बँकेतील खात्याची नोंद, सातबाऱ्याचा उतारा, रुग्णालयातील तपासण्यांचे अहवाल, विद्यापीठाच्या गुणपत्रिका, दूध संस्थेतील उत्पादकांची बिले, साखर कारखान्यातील उसाच्या वजनाच्या नोंदी हे सारे आता संगणकात आहे. कागदी वही भिजली तर डोळ्यांना दिसते. संगणकातील साठा मात्र सुरक्षित असूनही हाती न येण्याची शक्यता असते. नोंद पुसली गेलेली नाही, पण तिच्यापर्यंत जाणारी वाट तुटली आहे, अशा स्थितीत काउंटरवर उभ्या असलेल्या खातेदाराच्या दृष्टीने दोहोंत काहीच फरक नसतो. म्हणूनच माहिती टिकवणे आणि माहिती हाताशी ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी साठवण यंत्रणेत मुद्दाम जी जादाची व्यवस्था केली जाते, तिला तंत्रज्ञ ‘रिडंडन्सी’ म्हणतात. ‘अनावश्यक’ हा त्या शब्दाचा कोशातील अर्थ येथे फसवा ठरतो. रोजच्या दिवशी अनावश्यक वाटणारी ही व्यवस्था एखाद्या दिवशी एकमेव आधार ठरते.

साठवण नेटवर्क म्हणजे काय?

घरातील संगणकात हार्ड डिस्क त्याच पेटीत बसवलेली असते. बँक, रुग्णालय किंवा कारखान्यात अनेक सर्व्हर असतात आणि प्रत्येकात स्वतंत्र डिस्क ठेवणे गैरसोयीचे होते. एका सर्व्हरमध्ये जागा रिकामी पडते, दुसऱ्यात पुरत नाही, आणि सर्व्हर बिघडला की त्यातील माहितीही अडकून पडते. यावर उपाय म्हणून डिस्क सर्व्हरपासून वेगळ्या काढून एका सामाईक कपाटात ठेवतात आणि त्या वेगवान जाळ्याने सर्व सर्व्हरना जोडतात. याला ‘स्टोरेज एरिया नेटवर्क’ अथवा ‘सॅन’ म्हणतात. जोडणीसाठी ‘फायबर चॅनेल’ हे खास तंत्र अथवा नेहमीच्या नेटवर्कवरून चालणारे ‘आयस्कझी’ वापरले जाते. लहान कार्यालयांत त्याऐवजी ‘नॅस’ ही फायली वाटून देणारी छोटी पेटी दिसते.

या रचनेत माहिती सर्व्हरच्या नशिबाशी बांधलेली राहत नाही, हा मोठा लाभ. मात्र सगळी माहिती एका ठिकाणी आल्याने धोकाही एकवटतो. पूर्वी एक सर्व्हर बिघडला तर एक विभाग अडायचा. आता सामाईक कपाट अडले तर सारे कार्यालय थांबते. त्यामुळे सॅन उभारताना प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा लागतो : हा एक भाग बंद पडला तर काय?

सुरुवात डिस्कपासून

साठवणुकीतील सर्वांत कच्चा दुवा म्हणजे डिस्क. मोठ्या केंद्रांच्या अनुभवानुसार दर वर्षी शंभरातील साधारण एक-दोन हार्ड डिस्क निकामी होतात. घरात एकच डिस्क असलेल्याला हा धोका जाणवत नाही. हजार डिस्क असलेल्या केंद्रात मात्र दर महिन्याला एखादी डिस्क जाणारच, असे गृहीत धरून चालावे लागते.

त्यावरचा रूढ उपाय १९८८ साली अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या शोधनिबंधातून पुढे आला. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून त्यांतून एक भरवशाचा साठा तयार करावा, ही त्यांची कल्पना ‘रेड’ या नावाने जगभर पसरली. या नावातील एका अक्षराचा अर्थ मुळात ‘स्वस्त’ असा होता. पुढे उद्योगाने तो ‘स्वतंत्र’ असा केला.

रेडचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे आरसा. एकच मजकूर दोन डिस्कवर लिहायचा. सुरक्षित, पण निम्मी जागा खर्ची पडते. दुसरा प्रकार हिशेबाचा आहे. समजा, तीन डिस्कवर ५, ७ आणि ४ हे आकडे लिहिले आणि चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज १६ ठेवली. दुसरी डिस्क गेली, तर १६ मधून ५ आणि ४ वजा करून हरवलेला ७ परत मिळतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी द्विमान अंकांची क्रिया वापरतात आणि बेरजेचे भाग सर्व डिस्कवर वाटून ठेवतात, पण तत्त्व हेच. याला ‘रेड ५’ म्हणतात. चार टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या, तर बारा टेराबाइट जागा वापरायला मिळते आणि एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही.

एक डिस्क गेल्यावर नवी बसवून तिच्यावर हरवलेला मजकूर पुन्हा तयार करावा लागतो. सोळा टेराबाइटची डिस्क सेकंदाला दोनशे मेगाबाइट या वेगाने अखंड भरली, तरी सुमारे २२ तास लागतात. रोजचे काम चालू असताना हा काळ आणखी वाढतो. याच काळात दुसरी डिस्क गेली, तर रेड ५ मधील सारे संपते. एकाच वेळी, एकाच कारखान्यातून आलेल्या आणि सारख्याच वापरलेल्या डिस्क जवळजवळ एकाच सुमारास थकतात, हे लक्षात घेता ही भीती निराधार नाही. म्हणून मोठ्या डिस्कसाठी दोन डिस्क गेल्या तरी तग धरणारा ‘रेड ६’ किंवा आरशांच्या जोड्या बांधणारा ‘रेड १०’ निवडतात.

हजारो यंत्रे असलेल्या कंपन्या याच्याही पुढे गेल्या. गूगलने २००३ मध्ये आपल्या फाइल यंत्रणेची जी माहिती प्रसिद्ध केली, तिच्यात प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवण्याची पद्धत होती. तीन प्रतींचा खर्च टाळण्यासाठी पुढे अनेकांनी गणिती संकेतांचा आधार घेतला. त्यांचे मूळ आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणितात आहे. ओरखडे उमटलेली सीडी वाजते किंवा थोडा फाटलेला क्यूआर कोड वाचला जातो, तो याच गणिताच्या बळावर.

दोन वाटा, दोन दारे

डिस्क सुरक्षित झाल्या तरी त्यांच्यापर्यंत जाणारी वाट उरतेच. म्हणून चांगल्या सॅनमध्ये सर्व्हरला दोन जोडकार्डे असतात. त्यांतील एक पहिल्या स्विचला आणि दुसरे दुसऱ्या स्विचला जोडलेले असते. हे दोन स्विच एकमेकांना जोडत नाहीत. एकातील चुकीची मांडणी दुसऱ्यात पसरू नये, हा त्यामागील हेतू. डिस्कच्या कपाटात दोन नियंत्रक असतात, प्रत्येकाला दोन्ही स्विचमधून वाट असते. विजेचे पुरवठेही दोन, आणि ते दोन वेगळ्या यूपीएसवर. सर्व्हरमधील ‘मल्टिपाथ’ ही प्रणाली दोन्ही वाटांवर लक्ष ठेवते आणि एक बंद पडताच वाहतूक दुसरीवर वळवते.

हे वळवणे माणसाच्या हाती ठेवून चालत नाही. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कोल्हापूरकरांना चांगले परिचित आहेत. जलाशय ठरावीक पातळीपर्यंत भरला की हे दरवाजे आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. मध्यरात्री, मुसळधार पावसात कोणी बटण दाबायला जावे लागत नाही. साठवण नेटवर्कमधील ‘फेलओव्हर’ची अपेक्षा हीच असते.

दुहेरी वाटेने नेमका किती फरक पडतो, हे साध्या गणिताने समजते. एखादा भाग ९९ टक्के वेळ चालू राहतो, असे म्हटले की ऐकायला बरे वाटते. पण उरलेला एक टक्का म्हणजे वर्षातले साडेतीन दिवसांहून अधिक. असे पाच भाग एकापुढे एक साखळीत जोडले, तर सारी साखळी ९५ टक्केच वेळ चालू राहील. म्हणजे वर्षाकाठी जवळपास १८ दिवस काम बंद. याउलट तेच दोन भाग एकमेकांना पर्याय म्हणून शेजारी ठेवले, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक इतकी खाली येते आणि वर्षातील बंद काळ ५३ मिनिटांवर येतो.

या गणितात एक अट दडलेली आहे. दोन्ही भागांचे बिघाड एकमेकांशी संबंधित नसावेत. दोन यूपीएस एकाच तळघरात असतील, दोन केबल एकाच चरातून जात असतील, दोन्ही स्विचवर एकच सदोष प्रणाली एकाच रात्री चढवली गेली असेल, तर दहा हजारांत एक हा आकडा निरर्थक ठरतो. तीन उपसा केंद्रे एकाच काठावर असल्यासारखी ही स्थिती. सॅनची पाहणी करताना तज्ज्ञ यंत्रे मोजत बसत नाहीत. या यंत्रांमध्ये सामाईक काय आहे, हे ते शोधतात.

दुसरी जागा किती दूर?

एका इमारतीत कितीही चोख व्यवस्था केली, तरी आग, पूर आणि भूकंप यांपुढे ती अपुरी पडते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली आणि अनेक खात्यांच्या कागदी फायली जळाल्या. कागदपत्रांचे संगणकीकरण आणि वेगळ्या ठिकाणच्या प्रती यांचे महत्त्व त्या दिवशी राज्याला कळून चुकले. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा केंद्राला आग लागली. ज्या ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांतील अनेकांनी मूळ माहिती आणि प्रत दोन्ही गमावल्या.

सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण कोरियाचे. सप्टेंबर २०२५ मध्ये डेजॉन शहरातील सरकारी डेटा केंद्रात लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि शेकडो शासकीय सेवा बंद पडल्या. शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही यंत्रणा जळून गेली. तिच्यातील ८५८ टेराबाइट माहितीची बाहेर प्रत नव्हती. साठा फार मोठा असल्याने त्याचा बाहेर बॅकअप ठेवलेला नव्हता, असे कारण पुढे आले.

प्रत दुसऱ्या गावी हवी, हे ठरले. पण कोणत्या? कोल्हापूरच्या एखाद्या संस्थेला सांगली सोयीची वाटेल. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. मात्र २०१९ च्या त्याच आठवड्यात कृष्णेच्या पुराने सांगलीची बाजारपेठही बुडाली होती आणि सांगली नगर वाचनालयाच्या ग्रंथसंग्रहाचे मोठे नुकसान झाले होते. इचलकरंजीही पंचगंगेच्याच काठी. एकाच खोऱ्यातील तीन शहरांत तीन प्रती ठेवणाऱ्याला त्या आठवड्यात एकही प्रत हाती लागली नसती, असे होऊ शकले असते. पूर, भूकंप आणि वीजपुरवठा या तिन्ही दृष्टींनी निराळी असेल, तीच खरी दुसरी जागा.

अंतर वाढवण्याची किंमत मोजावी लागते ती वेळेत. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. कोल्हापूर ते पुणे हे २३० किलोमीटरचे अंतर जाऊन परत यायला त्याला किमान २.३ मिलिसेकंद लागतात. माणसाला हा काळ जाणवणारही नाही. पण आधुनिक फ्लॅश साठ्यावर एक नोंद लिहायला मिलिसेकंदाचा काही अंशच पुरतो. प्रत्येक नोंद दोन्ही ठिकाणी पक्की झाल्यावरच व्यवहार पूर्ण मानायचा, असे ठरवले तर काम कित्येक पटींनी मंदावते. अशा एकाच वेळी होणाऱ्या प्रतीला ‘सिंक्रोनस’ म्हणतात आणि ती सर्वसाधारणपणे शंभर किलोमीटरच्या आत ठेवतात. त्यापलीकडे ‘असिंक्रोनस’ पद्धत येते. तिच्यात नोंद आधी येथे पक्की होते, दूरची प्रत काही क्षण किंवा मिनिटे मागून येते. मुख्य केंद्र अचानक गेले, तर तेवढ्या काळातील नोंदी हरवतात.

यातून दोन प्रश्न उभे राहतात आणि त्यांची उत्तरे तंत्रज्ञाने नव्हे, संस्थेच्या चालकांनी द्यायची असतात. किती मिनिटांच्या नोंदी हरवल्या तर चालतील? आणि किती वेळ काम बंद राहिले तर चालेल? पहिल्याला ‘आरपीओ’ आणि दुसऱ्याला ‘आरटीओ’ म्हणतात. बँकेचे उत्तर शून्याच्या जवळ असेल. ग्रंथालयाच्या सूचीसाठी एक दिवसही चालेल. उत्तर जितके कडक, तितका खर्च जास्त.

दलाल स्ट्रीटने घेतलेला धडा

सारी दुहेरी व्यवस्था असूनही काम कसे अडते, याचे ठळक उदाहरण मुंबईचेच आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला, आणि त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. बाजाराकडे दोन दूरसंचार कंपन्यांच्या अनेक जोडण्या होत्या. जवळचे पर्यायी केंद्र होते, शिवाय चेन्नईला दूरचे केंद्र होते. जवळच्या केंद्राकडे जाणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या जोडण्या विस्कळीत झाल्या. दोन केंद्रांदरम्यानच्या रस्त्यावरील खोदकाम हे त्याचे कारण असल्याचे बाजाराने नंतर सांगितले. अपेक्षा अशी की, दूरची प्रत तुटली तरी मुख्य साठा चालू राहील. प्रत्यक्षात मुख्य केंद्रातील सॅनच सर्व्हरना मिळेनासे झाले. जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली आणि तिच्याविना व्यवहार चालू ठेवणे शक्य नव्हते.

माहिती हरवली नव्हती, ती हाताशी नव्हती. दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या म्हणून वाटा वेगळ्या होत नाहीत. तारा जमिनीखाली कोणत्या रस्त्याने जातात, हे पाहावे लागते. दूरची व्यवस्था मदतीसाठी असते, पण ती तुटण्याने मुख्य व्यवस्थाच कोलमडू शकते, म्हणून हा जोड तोडून पाहण्याची चाचणी घ्यायला हवी. शिवाय दूरचे केंद्र असूनही त्या दिवशी कामकाज तिकडे हलवले गेले नाही. मार्च २०२१ मध्ये सेबीने यावर नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास तीस मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर पंचेचाळीस मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करायचे, असे बंधन घालण्यात आले.

त्याआधी २१ नोव्हेंबर २०२० रोजी एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा केंद्रातील वीज गेल्याने तिच्या इंटरनेट व पेमेंट सेवा अडल्या. वारंवारच्या अशा खंडामुळे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये तिला नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यापासून काही काळ रोखले. निर्बंध २०२१-२२ मध्ये टप्प्याटप्प्याने उठले.

दोन केंद्रांच्या रचनेत आणखी एक नाजूक जागा असते. मधला दुवा तुटला की दोन्ही केंद्रांना वाटते, समोरचे बंद पडले, आता आपणच मुख्य. दोघेही नोंदी घेऊ लागले, तर एकाच खात्याचे दोन वेगळे हिशेब तयार होतात. हे टाळण्यासाठी तिसऱ्या जागी एक छोटा ‘साक्षीदार’ ठेवतात. ज्या केंद्राचा साक्षीदाराशी संपर्क टिकतो ते चालू राहते, दुसरे स्वतःहून थांबते. हा साक्षीदार दोहोंपैकी एका केंद्रात ठेवला, तर त्याच्या साक्षीला अर्थ राहत नाही.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे

दुहेरी साठा सर्व आपत्तींवरचा उपाय आहे, असा समज सर्वांत महाग पडतो. आरसा समोरचे जसेच्या तसे दाखवतो, त्यात चूकही आली. कर्मचाऱ्याने चुकून फाइल पुसली, तर दुसऱ्या प्रतीतूनही ती त्याच क्षणी पुसली जाते. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. कंपनीकडे पाच प्रकारच्या संरक्षक व्यवस्था होत्या. गरज पडली तेव्हा त्यांपैकी एकही धड काम करत नसल्याचे आढळले आणि सुमारे सहा तासांच्या नोंदी गेल्या.

खंडणीखोर प्रोग्राम म्हणजे रॅन्समवेअरचा धोका याच जातीचा. तो फायली कुलूपबंद करतो आणि त्या कुलूपबंद फायली इमानेइतबारे दूरच्या केंद्रातही पोहोचतात. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचे संकट आल्यावर नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिची जोडणी काही काळ तोडली. तिच्या सेवेवर अवलंबून असलेल्या देशातील सुमारे तीनशे लहान बँकांचे, त्यांत सहकारी व ग्रामीण बँकांचे, पेमेंट व्यवहार थांबले. सहकारी बँकांच्या या भागात हा प्रसंग विशेष विचार करण्याजोगा आहे. प्रत्येक बँक स्वतंत्र होती, पण सेवा एकीचीच होती.

म्हणून दुहेरी साठ्याच्या जोडीला बॅकअप हवा, आणि त्यातील एक प्रत जाळ्यापासून तोडलेली हवी. चुंबकीय टेप कालबाह्य झाली, असे अनेकांना वाटते. मोठ्या संस्था ती आजही वापरतात, कारण कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत कोणताही व्हायरस पोहोचत नाही.

लहान व्यवसायाने काय करावे?

गांधीनगरातील कापड व्यापारी, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री, हुपरीतील चांदी व्यावसायिक किंवा पेठेतील सनदी लेखापाल यांना सॅनची गरज नाही. तत्त्वे मात्र तीच लागू होतात. तीन-दोन-एक हा नियम त्यांना पुरेसा आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक प्रत गावाबाहेर.

व्यवहारात याचा अर्थ असा. हिशेबाचा मुख्य संगणक किंवा दोन डिस्कची नॅस पेटी ही पहिली प्रत. दोन बाह्य हार्ड डिस्क घेऊन आळीपाळीने वापराव्यात. एक कार्यालयात, दुसरी घरी, ही दुसरी. तिसरी क्लाउडवर. क्लाउड सेवांची मोठी केंद्रे भारतात मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई अशा शहरांत आहेत. माहिती कोणत्या शहरात ठेवली जाते, हे सेवा घेताना विचारता येते. मात्र क्लाउड म्हणजे सर्व चिंतांतून मुक्ती, असे समजू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या अमेरिकेतील एका विभागातील बिघाडाने जगभरातील असंख्य सेवा कित्येक तास अडल्या होत्या.

कंपनी म्हणून नोंदणी असलेल्या व्यवसायांवर कायद्याचेही बंधन आहे. २०२२ मध्ये बदललेल्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो.

पूररेषेतील इमारतीत सर्व्हर, यूपीएस आणि बॅटऱ्या तळमजल्यावर ठेवू नयेत. सर्व्हर वर आणि यूपीएस खाली, अशी अर्धवट व्यवस्था काही कामाची नाही. इंटरनेटच्या दोन जोडण्या घेताना एक तारेची आणि दुसरी मोबाइलची घ्यावी, म्हणजे एकाच चराच्या खोदकामात दोन्ही तुटणार नाहीत. पासवर्ड आणि क्लाउड खात्याचे तपशील एकाच माणसाच्या डोक्यात किंवा त्याच संगणकात असू नयेत. महापुरात तो माणूसच पलीकडच्या गावात अडकलेला असू शकतो.

सर्वांत दुर्लक्षित काम चाचणीचे. दर तीन महिन्यांनी एखादी जुनी फाइल बॅकअपमधून परत आणून उघडून पाहावी. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात पावसाळ्याच्या आधी, मुख्य संगणक बंद ठेवून दुसऱ्या यंत्रावर सारा हिशेब उभा करून दाखवावा आणि त्याला किती तास लागले, ते लिहून ठेवावे. त्या आकड्यावरूनच आपली व्यवस्था पुरेशी आहे की नाही, हे कळते.

नेहमी लागणाऱ्या संज्ञा

सॅन : अनेक सर्व्हरना सामाईक डिस्कसाठा जोडून देणारे स्वतंत्र जाळे.

रेड : अनेक डिस्क एकत्र बांधून एखादी निकामी झाली तरी माहिती टिकवण्याची पद्धत. ५ मध्ये एक, ६ मध्ये दोन डिस्क गेल्या तरी चालते.

मल्टिपाथ : सर्व्हरपासून साठ्यापर्यंत एकाहून अधिक वाटा ठेवणारी प्रणाली.

फेलओव्हर : एक भाग बंद पडताच काम दुसऱ्याकडे आपोआप वळणे.

सिंक्रोनस प्रत : दोन्ही ठिकाणी एकाच वेळी लिहिली जाणारी नोंद. काहीही हरवत नाही, अंतराला मर्यादा.

असिंक्रोनस प्रत : मागून पोहोचणारी नोंद. अंतराला मर्यादा नाही, शेवटची काही मिनिटे हरवू शकतात.

आरपीओ : किती काळाच्या नोंदी गमावणे परवडेल, त्याची मर्यादा.

आरटीओ : किती वेळात काम पुन्हा सुरू व्हायला हवे, त्याची मर्यादा.

साक्षीदार : दोन केंद्रांमधील दुवा तुटल्यास मुख्य कोण, हे ठरवणारी तिसऱ्या जागेची छोटी यंत्रणा.